चमचाभर विरजण

“थोरली मी हाय. सुई मला टोचा,” म्हणत मी डॉक्टरांपुढे दंड केला.

धाकटी, रत्ना, भिंतीला टेकून उभी होती. मालकांनी तिला करून आणली त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून मुठा गावात आमच्या चुली वेगळ्या. तिच्या घरचं मी पाणीसुद्धा प्याले नव्हते.

त्या सकाळी पुण्याच्या दवाखान्यात मालकांचं अंतर्गळाचं ऑपरेशन होतं. भूल दिली आणि काळीज थांबलं. डॉक्टरांनी छाती उघडून ते मुठीत धरलं, दाबून दाबून चालू केलं. तीस वर्षं मी विचारत आले, त्या काळजात आहे तरी काय. आणि त्या कोवळ्या डॉक्टरानं ते हातात धरून पाहिलं. माणूस परत आला, पण रक्त साकळेना. जखम झिरपत होती, सुई टोचली तिथूनही झिरपत होतं. बाटलीतलं जुनं रक्त पुरेना, ताजं हवं होतं.

तपासून नर्स आली. “आजी, तुमचं जुळत नाही. रत्नाबाईंचं जुळतंय.”

“मी आजी, आन ती बाई व्हय? पुन्यांदा बघा. माझा संसार तीस वर्सांचा हाय. हिचा बारा.”

“ते वर्षांवर नसतं हो.”

रत्ना आडवी झाली. तिचं रक्त काढेपर्यंत नर्सनं मालकांच्या रक्ताची काचेची नळी माझ्या मुठीत दिली. उबेत ठेवायची, रक्त साकळतंय का ते मधूनमधून कलती करून बघायची. अर्धा तास झाला तरी रक्त पाण्यासारखं धावत होतं. सगळा जन्म दूध विरजण्यात गेला माझा. न लागलेलं मला कळतं.

दुपारी रत्नाचं रक्त त्यांना चढलं. पुन्हा नवी नळी, पुन्हा माझी मूठ. लागू दे, मी मनात म्हणत होते. आणि त्याच्या पाठोपाठ, हिच्या रक्तानं नको लागू. दोन्ही मीच म्हणत होते.

नळी कलती केली. रक्त हललं नाही.

“लागलं,” मी म्हटलं. नर्सनं नळी पालथी धरली. थेंब पडला नाही.

“अक्का, लागलं का वं?” रत्ना पांढरीफटक पडली होती.

“लागलं. पड गुमान. लई मिरवू नगंस.”

चौथ्या दिवशी मालकांना धड शुद्ध आली. उशाशी मी होते. “रत्ना कुटंय?” म्हणाले.

“घरी धाडलीय. तुमच्यापायी अशक्त झालीय ती.” हे मलाच सांगावं लागलं.

ते भिंतीला टेकून बसायला लागले, तशी मी लुगडी न्यायला गावी आले. दह्याच्या गाडग्यावर बुरशी चढली होती. घासलं, दूध तापवलं. विरजण मागायला दहा घरं होती. मी वाटी घेतली आणि रत्नाच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

“विरजण हाय का?”

ती वाटी घेऊन काठोकाठ भरायला लागली.

“चमचाभर पुरं,” मी म्हटलं. “भरायला कुणी सांगितलंय?”