अस्वलिणीचा नकार

आमच्या व्हँकुव्हरच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत गार्थला थरथर अजिबात खपत नाही. नट काळे घट्ट कपडे घालून, अंगभर पांढरे गोळे चिकटवून हालचाल करतात. कॅमेरे प्रत्येक सांधा कधी किती वळला ते टिपतात आणि त्या आकड्यांवर पडद्यावरची जनावरं चालतात. कच्चे आकडे थोडे थरथरतातच. ते गुळगुळीत करायचं काम गार्थचं. तो ते इतक्या भक्तिभावाने करतो, की आमची सगळी जनावरं वंगण घातल्यासारखी वळतात. यालाच तो सफाई म्हणतो.

म्हाताऱ्या अस्वलिणीचं काम व्हर्नाकडे होतं. बाईंचा जन्म नाटकात गेलेला. इथे चेहरा अस्वलाचा, आवाज दुसऱ्याच एका नटीचा. व्हर्नाची म्हणावी अशी फक्त हालचाल. प्रसंगात मुलगा विचारतो, "आई, गुहा सोडून येतेस ना आमच्याबरोबर?" व्हर्नाने मान किंचित डावीकडे नेली, किंचित उजवीकडे. बस्स. मला भरून आलं.

गार्थने नेहमीप्रमाणे मागच्यापुढच्या क्षणांची सरासरी काढली. डावं उजव्यात जिरलं आणि मान सरळ झाली. दिग्दर्शक डेस्मंड ते पाहून खूश. "अरे, म्हातारी तयार झाली की! हे जास्त गोड आहे." लगेच पुढची गोष्ट बदलली. आता आजीबाई आनंदाने निघणार होत्या.

तो नवा प्रसंग करायला व्हर्ना आली, तेव्हा तिने आधीचा तुकडा पाहायला मागितला.

"माझं 'नाही' कुठे गेलं?" तिने गार्थला विचारलं.

"ते होय? मला वाटलं मान थरथरली. काढून टाकलं."

"थरथरली? अरे बाबा, त्या एका 'नाही'साठी मी आरशापुढे किती दिवस घालवलेत, माहीत आहे?"

"मूळ आकडे आहेत आपल्याकडे," मी मध्ये तोंड घातलं. "परत लावू."

"आता कुठे!" डेस्मंड म्हणाला. "सगळे पुढच्या कामाला लागलेत. व्हर्ना, मनावर नका घेऊ हो. जरा हसतखेळत चालून दाखवा, की सुटलो."

त्याला हे सांगताना काहीच वाटलं नाही, याची मला भयंकर चीड आली.

व्हर्ना गोळे लावून मधोमध उभी राहिली. "चला!" डेस्मंड ओरडला. ती हलली नाही. मान नाही, बोट नाही. पडद्यावर अस्वलीणही गुहेच्या दारात ठाण मांडून उभी. डेस्मंडने विनवलं, मग चिडला, मग पुन्हा विनवलं.

गार्थ मात्र आकडे पाहून हरखून गेला होता. "कमाल केलीत! आलेखाच्या सगळ्या रेषा सरळ. मला करायला काही ठेवलंच नाही तुम्ही."

"तेच तर," व्हर्ना जागची न हलता म्हणाली. "आता यातून माझं 'नाही' काढून दाखव."