नेस्टाच्या गाडीचं साल

प्रोबर्टबाईंनी बॅटरीचा झोत इंजिनावर मारला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "मिस्टर प्यू, हे इंजिन तुम्ही म्हणता त्या गाडीचं नाही."

एम्रिस हसला. वाहन नोंदणी कार्यालयाची माणसं विनोद करत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, पण दुसरं काय करावं तेच सुचेना.

"नाही कसं? माझ्या बायकोची गाडी याच शेडमध्ये उभी होती. मीच सोडवली, नट न् नट."

"सोडवली असेल. पण तिच्या इंजिनाचा क्रमांक हा नव्हे. तुम्हीच वाचा."

एम्रिसनं वाकून वाचला. पुसून पुन्हा वाचला. नोंदणीच्या अर्जात त्यानं जुन्या कागदांवरचा क्रमांक उतरवला होता; स्वतःच्या इंजिनावरचा काय बघायचा? आपल्या घरात शिरताना दारावरची पाटी कोण वाचतं?

त्याची बायको नेस्टा कोरिसच्या खोऱ्यात फिरती नर्स होती. तिच्या लाल गाडीनं डोंगरावरची एकेक वाडी पालथी घातलेली. शेवटी गाडीचा सांगाडा गंजून भुगा झाला आणि वार्षिक तपासणीत ती कायमची बाद झाली. बसच्या डेपोतून निवृत्त झालेल्या एम्रिसला तेच हवं होतं. खोऱ्यातली बाकी म्हातारी मंडळी बागेत कांद्याच्या पाती मोजत बसतात, याला घरी गाडी बांधायचं खूळ. सांगाडा नवा, पत्रे फायबरचे, आणि आतली इंजिन, गिअरबॉक्स, चाकांचा आस अशी जड मंडळी जुन्या गाडीतली.

"तोड हवी तर," नेस्टा तेव्हा म्हणाली होती. "पण नव्या नंबरच्या पाटीवर साल माझ्याच गाडीचं आलं पाहिजे. तेवढं तरी तिचं उरू दे." एम्रिसनं छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

पाटीचं पहिलं अक्षर साल सांगतं. जुन्या गाडीचे भाग तिचेच आहेत हे पटवून दिलं, की तिच्या सालाचं अक्षर मिळतं. पटलं नाही तर क्यू. क्यू म्हणजे या गाडीचं वय देवाला ठाऊक.

"हे कुठलं इंजिन, तेच माहीत नाही," प्रोबर्टबाई बॅटरी खिशात टाकत म्हणाल्या. "मग क्यूच द्यावा लागेल. वाईट वाटतं, गाडी सुरेख बांधलीय तुम्ही."

त्या गेल्यावर एम्रिस उलट्या बादलीवर बसून राहिला. कारखान्यानंच चुकीचा क्रमांक ठोकला असेल? कागदच चुकले असतील? की आपलंच डोकं फिरलंय? आणि मग एकदम त्याला इडवाल आठवला.

इडवाल त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी याच शेडमध्ये शेजारी शेजारी गाड्या बांधल्या होत्या, त्याही एकाच जातीच्या जुन्या गाड्यांतून. इडवालची जुनी गाडी कुणा शेतकऱ्याच्या आवारात पडलेली, आत कोंबड्या अंडी घालायच्या तसली, कागद ना पत्र. त्याला अर्थातच क्यू मिळाला. "बेवारशी पाटी!" म्हणून एम्रिसनं त्याला पबमध्ये किती वेळा चिडवलं होतं. दोन्ही इंजिनं सारख्याच निळ्या रंगानं रंगवलेली. आणि गेल्या हिवाळ्यात एम्रिस हृदयाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होता, तेव्हा दोन्ही गाड्यांत इंजिनं बसवली कुणी? इडवालनं.

एम्रिस तडक त्याच्या दारात गेला. इडवाल हातात चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"माझं इंजिन कुठाय?"

"कुठलं?"

"वेड घेऊन पेडगावला नको जाऊस! नेस्टाचं चांगलं इंजिन ढापलंस आणि तुझं कोंबड्यांचं माझ्या गळ्यात मारलंस. मी टेबलावर छाती उघडून पडलोय आणि तू चोऱ्या करतोयस?"

इडवालचा चेहरा पडला. मग त्यानं कप पायरीवर ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. चोर असता तर भांडला असता, असं एम्रिसला वाटून गेलं, आणि तो आणखीच गोंधळला.

घरी नेस्टा मनुकांच्या पावाला लोणी लावत होती. त्यानं सगळं एका दमात सांगितलं. तिच्या हातातली सुरी थांबली.

"चोर म्हणालास त्याला?"

"मग काय आरती ओवाळू?"

"अरे मूर्खा, माझ्या इंजिनाला तडा गेला होता. आरपार. इडवाल विचारायला आला, कसं सांगायचं याला? तू नळ्या लावून पडलेला. दर भेटीत एकच धोशा, माझी गाडी, माझी गाडी. मीच म्हटलं, तुझं बसव त्याच्यात. तो एका शब्दानं नाही म्हणाला नाही. फुटकं स्वतःकडे ठेवलं, आणि तेव्हापासून रबराचा पाइप जोडावा तशी डागडुजी करून चालवतोय बिचारा."

"पण साल? तुझ्या गाडीचं साल! तूच तर..."

"मला तू घरी यायला हवा होतास. पाटी गेली खड्ड्यात!" नेस्टाचे डोळे भरून आले. "वाटलं, वाकून कोण बघतंय इंजिनाखाली. आली नेमकी एक बाई."

एम्रिसनं पावाचा तुकडा बाजूला सारला. राग कुणाचा धरावा? जिला शब्द दिला, तिनंच तो केव्हाच सोडून दिला होता. ज्याला चोर म्हणालो, तो देऊन बसला होता. त्याला लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

क्यूची पाटी आली. ती त्यानं एकट्यानंच लावली आणि गाडी इडवालच्या दारात नेऊन उभी केली. इंजिन बंद करून दार ठोठावलं. बऱ्याच वेळानं ते बोटभर उघडलं.

"मी चुकलो," एम्रिस म्हणाला. "नेस्टानं सांगितलं सगळं. मी गाढव आहे, इडवाल."

"आहेस."

"चल ना, चक्कर मारू."

"आज नको." दार लागलं.

एम्रिस पडल्या तोंडानं गाडीत येऊन बसला. खोऱ्यात धुकं उतरलं होतं. घरी जायचं तर इडवालचंच इंजिन सुरू करायला हवं होतं. त्यानं किल्ली फिरवली. खर्रर्र. पुन्हा फिरवली. खर्रर्र, आणि गप्प. तिसऱ्यांदा हात किल्लीकडे जाईना.

वरची खिडकी धाडकन उघडली.

"आधी चोक ओढ, गाढवा! गारठ्यात ते तसं उठत नाही!"

एम्रिसनं चोक ओढला.