तोटीवरचा थेंब

"चपला दे इकडे," नवरा म्हणाला. "रोज आत जातेस तशीच जायचंय. फक्त आज चालत नाही, गाडीवरून. थाट आहे बुवा एका माणसाचा!"

तिनं नुसतंच त्याच्या हाताला हात लावला आणि गाडी ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत गेली. बावीस वर्षं ती या दारातून आपल्या पायांनी ये-जा करत होती. छताला एवढे डाग पडलेत हे मात्र तिला आज उताणं पडल्यावर कळलं. रंगाचं कुणाला तरी सांगायला हवं, असंही तिच्या मनात आलं. जित्याची खोड, दुसरं काय!

इथे सगळे तिला थेंबबाई म्हणत. नाव मोठ्या डॉक्टरांनी ठेवलेलं. एखाद्या बाईच्या छातीत गाठ निघाली आणि स्तन काढावा लागला, की मोठे डॉक्टर त्याच वेळी तिच्या पोटावरची चरबी घेऊन तिथे नवा घडवत. आता नवा केवढा घडवायचा? गेला तेवढा. आणि गेला केवढा, हे सांगायचं काम थेंबबाईचं. साधं तोटीचं भांडं. तोटीपर्यंत पाणी भरायचं, काढलेला भाग पातळ पिशवीत घालून अलगद आत सोडायचा आणि तोटीतून जेवढं पाणी बाहेर पडेल तेवढं खुणांच्या नळीत धरायचं. नळीतला आकडा म्हणजे माप.

पण पाणी मोठं चिवट. धार थांबली तरी ते तोटीच्या ओठाला धरून बसतं आणि मग एकेक थेंब सोडतं. थेंबबाई भांड्याला टिचकी मारायची, मनात वीस आकडे मोजायची, पुन्हा टिचकी मारायची. मोठे डॉक्टर वैतागायचे. "अहो, दहा-वीस मिलिलिटरनं काय आभाळ कोसळणार आहे?"

"तुमचं नाही कोसळणार, डॉक्टर. तिला रोज आरशासमोर उभं राहायचंय."

बाया बिचाऱ्या भुलीत असत. आपलं माप कुणी घेतलं हे त्यांना कधीच कळायचं नाही. थेंबबाईला त्याचं काही वाटायचं नाही. बाई शुद्धीवर येऊन घरी गेली की आपल्याला पोचायचं ते पोचलं, असं ती म्हणायची.

आज त्याच टेबलावर ती स्वतः होती. डावी बाजू.

"मापाला कोण आहे हो?" तिनं भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"दोन नंबरच्या बाई. तुमच्याशिवाय येतंय कुणाला दुसऱ्या?"

नेमकी तीच!

दोन नंबरच्या थिएटरातली ती बाई आणि थेंबबाई, दोघींमधून सहा वर्षं विस्तव जात नव्हता. एके काळी एका डब्यात जेवायच्या. मग एक दिवस त्या बाईनं थेंब पडायच्या आधीच घाईनं आकडा सांगून टाकला आणि थेंबबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. भर थिएटरात, मोठ्या डॉक्टरांसमोर. "हात आहेत की वरवंटे? स्वतःच्या अंगावर वेळ आली की कळेल तुला!"

त्या दिवसापासून दोन नंबरवालीनं भांड्याला हात लावला नव्हता. आणि वेळ आली ती कुणाच्या अंगावर, तर बोलणारीच्या. बोललेलं कुठे जात नाही हो, वाट बघत बसतं.

तेवढ्यात दोन नंबरवाली भांडं घेऊन आलीच. मास्कवर नुसते डोळे. थेंबबाईनं मान वळवली. टिचकी मारायची, वीस मोजायचे, हे सांगायला हवं. पण सांगायला तोंड कुठलं आणणार? आणि त्याआधी जे सांगायचं होतं, ते तर सहा वर्षं घशात अडकलेलं.

"अगं, ऐक ना... मी त्या दिवशी..."

"गप पडा," दोन नंबरवाली म्हणाली. "आज तुम्ही पेशंट आहात."

अहो-जाहो केलेलं थेंबबाईला सुईपेक्षा जास्त टोचलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठा श्वास घ्या. तिनं घेतला. मनात म्हणाली, आता जे होईल ते होईल, मीच पेरलंय. मग छताचे डाग पुसट झाले.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर तपासायला आले तेच कपाळाला आठ्या घालून.

"ऑपरेशन छान झालंय. दोन्ही बाजू सारख्या. पण तुमच्या त्या मैत्रिणीला एकदा समजावा. मी हात धुऊन उभा आणि ही बया भांड्यासमोर! म्हटलं, झालं का? तर म्हणे, थांबा. पुन्हा विचारलं, तर म्हणे, लोकांचं थेंबे थेंबे तळं साचतं, तुमचा पारा का चढतोय? अजून एक आहे तोटीवर, तो हिचा आहे, तो पडल्याशिवाय मी आकडा सांगायची नाही!"

डॉक्टर बोलता बोलता हसले. थेंबबाईच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहायला लागलं. बावीस वर्षांत तिनं किती बायांसाठी थेंब धरले होते, त्याचा हिशेब तिनं कधी ठेवला नव्हता. आपल्यासाठी कुणी धरेल, तेही हिनं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुपारी दोन नंबरवाली आली. पलंगापासून चार पावलं लांबच उभी राहिली.

"दुखतंय का?"

"दुखतंय." थेंबबाईनं हात पुढे केला. "चुकलं गं माझं. चारचौघांत तसं बोलायला नको होतं."

"चूक माझीच होती. घाई केली होती मी." दोन नंबरवाली नाक ओढत म्हणाली. "पण वरवंटे म्हणालीस ना, ते लागलं. घरी जाऊन हात बघत बसले होते."

"दाखव बघू."

तिनं दाखवले. थेंबबाईनं ते दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि डोळ्यांना लावले. "तुझे उपकार फेडायचे म्हटले तरी फिटायचे नाहीत."

"पुरे गं. कुणी बघितलं तर म्हणेल, दोघींना भूल चढलीय." पण हात तिनं सोडवून घेतले नाहीत. आणि 'तू' म्हणत होती, हे थेंबबाईनं बरोबर टिपलं.

तीन महिन्यांनी थेंबबाई कामावर आली. घरून निघताना तिनं आरशासमोर निळा ब्लाउज चढवला, पुढून बघितला, बाजूनं बघितला. नवरा मागून म्हणाला, "बसलाय की नीट. किती वेळ बघशील?" ती म्हणाली, "बघू दे. कुणीतरी वेळ काढून मापलंय."

थिएटरात भांडं तयार होतं. तिनं सवयीनं ते उचलायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबली. काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. डाव्या हातानं जड उचलायचं नाही, कायमचं. भरलेलं भांडं आता तिच्यानं उचलवणार नव्हतं. ती दारापर्यंत गेली आणि दोन नंबरच्या दिशेनं हाक मारली.

दोन नंबरवालीनं भांडं उचलून ठेवलं, तोटीपर्यंत भरलं, पिशवी अलगद आत सोडली. थेंबबाईनं मापाची वही उघडली. तीन महिन्यांपूर्वीच्या पानावर तिची स्वतःची ओळ होती: डावी बाजू, ४३५. खाली दोन नंबरवालीची सही. तिनं त्या आकड्यावरून एकदा बोट फिरवलं.

टेबलावर एक अनोळखी बाई भुलीत होती. धार थांबली.

"झालं का?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"थांबा, डॉक्टर," दोघी एकदमच म्हणाल्या.

थेंबबाईनं उजव्या हातानं भांड्याला टिचकी मारली आणि दोघी मनात वीस मोजत उभ्या राहिल्या.