बाबांच्या पॅनवरचं किटण

"फेकून दे तो पॅन," बाबा म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

भिंगरीचा कानांवर विश्वासच बसेना. बाबा आणि पॅन फेकणार? ज्या माणसाने त्या नॉनस्टिक पॅनला आपल्या बायकोलासुद्धा कधी हात लावू दिला नाही, जो त्याला मऊ फडक्याने पुसून कपाटाच्या वरच्या फळीवर बाळासारखा निजवायचा, तो माणूस? आई तर त्या पॅनला सरळ "माझी सवत" म्हणायची.

बाबा एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी होते. पातेल्यात न डोकावता, नुसत्या वासावर, कांद्याला अजून किती वेळ लागेल ते सांगायचे. पण मागे एक ताप आला आणि जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक होतं जागच्या जागी, चांगलं ठसठशीत. वास तेवढे येईनासे झाले. डॉक्टर म्हणाले, येतील हळूहळू. कधी, ते काही सांगेनात. मॅनेजरसाहेबांनी बरंच सांभाळून घेतलं, पण आता बाबांना उद्या सकाळी काय ते सांगायचं होतं: शेगडीपाशी राहणार, की कोठीच्या किल्ल्या घेऊन पोती मोजत बसणार.

आणि नेमकं आजच हे झालं. सुट्टी म्हणून बाबांनी अंडी करायला पॅनमध्ये तेल टाकलं आणि जरा शब्दकोडं उघडलं. आई अंघोळीला, भिंगरी गच्चीवर कपडे वाळत घालत. तेल तापलं, धुरावलं, जळलं. बाबा तिथेच दोन हातांच्या अंतरावर पाठमोरे बसून पेन्सिल चावत होते! शेवटी आईच ओल्या केसांनी धावत आली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या.

"मला कळलंच नाही गं," बाबा एवढंच म्हणाले. आचाऱ्याला जळण्याचा वास कळू नये! उद्या ते साहेबांना काय सांगणार, हे वेगळं विचारायला नको होतं.

तर भिंगरीने ठरवलं, पॅन लख्ख करायचा. पॅन वाचला की बाबाही वाचतील. यात कसलंही शास्त्र नव्हतं, तिलाही माहीत होतं. पण नववीत गेल्यापासून आपल्याला सगळं जमतं अशी तिची पक्की खात्री झाली होती. तिने तारेची घासणी उचलली.

"अगं ए!" आईने तिचं मनगटच धरलं. "तारेने घासलंस तर वरचा थर सोलून निघेल. मग खरंच फेकावा लागेल."

"मग कशाने घासू?"

"धीराने."

"तो कुठल्या डब्यात आहे?"

"तुझ्या डब्यात नाही, एवढं नक्की," आई म्हणाली आणि खायच्या सोड्याची बरणी पुढे केली.

पॅनमध्ये पाणी, पाण्यात दोन चमचे सोडा, खाली मंद गॅस. बुडबुडे यायला लागले, तसं कडेचं काळं किटण मऊ पडलं. भिंगरी लाकडी उलथन्याने हलकेच खरवडायची आणि तपकिरी पापुद्रे सुटून वर तरंगायचे. काय मजा येत होती! नखाने खपली काढावी तशी. मग तिने ओल्या सोड्याचा लगदा करून दांड्याच्या सांध्याभोवती लावला आणि फडक्याने चोळू लागली. वास मात्र असा सुटला की तिने नाक चिमटीत धरलं.

"लसूण कुणी करपवला?" बाहेरून आवाज आला.

भिंगरीच्या हातातलं फडकं पाण्यात पडलं.

"काय म्हणालात, बाबा?"

"लसूण. करपलेला." बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, मान थोडी वर करून. "आणि लोणी."

भिंगरीने उडीच मारली असती, पण तिला आठवलं. डॉक्टर असंही म्हणाले होते की मधूनमधून भलतेच, नसलेले वास येतील, त्यावर जाऊ नका.

"बाबा, लसूण नव्हता हो आज," ती हळूच म्हणाली. "नुसतं तेल होतं."

बाबांचा चेहरा उतरला. "भास असेल," म्हणून ते वळले.

"अहो, थांबा!" आई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "परवा तुम्ही कामावर होतात ना, तेव्हा मी... त्यात लसूण परतला. लोण्यात. जरा करपला. घाईघाईत धुतलं, लसूण सांध्यात राहिला असेल."

बाबांनी वळून पॅनकडे पाहिलं. त्यातलं पाणी रटरटत होतं.

"माझ्या पॅनमध्ये?" बाबा म्हणाले.

"तुमच्या पॅनमध्ये."

"मोठ्या आचेवर?"

"हो, मोठ्या आचेवर! घ्या, चढवा मला फासावर!"

बाबा पुढे आले, वाफेवर वाकले आणि त्यांनी छाती भरून तो घाणेरडा वास आत घेतला. डोळे मिटून, अत्तर हुंगावं तसा. परत घेतला.

"आणि ढवळलंस स्टीलच्या चमच्याने," ते म्हणाले.

"अय्या, हेपण वासावरून कळलं?" भिंगरी ओरडली.

"ओरखडा दिसतोय."

मग जे काय हसू फुटलं! आई तर पदराने डोळे पुसत हसत होती, का हसत पुसत होती, कळेना. बाबा घरभर नाक घेऊन फिरले. साबणाचा वास नाही आला. कॉफीचा आला, अगदी पुसट, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा. भिंगरीच्या खेळाच्या मोज्यांचा खणखणीत आला.

"हा नसता आला तरी चाललं असतं," बाबा म्हणाले.

उद्याची वाट कोण बघतो? त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "साहेब, किल्ल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या... नाही, नाक पूर्ण नाही आलं अजून. पण करपलेलं कळायला लागलंय. आचाऱ्याला आधी तेवढंच लागतं."

आई ओट्याला टेकून ऐकत होती. चोरी पकडली गेल्यावर इतकं खूश झालेलं माणूस भिंगरीने आजवर पाहिलं नव्हतं.