बॅटरीशेजारचा अखंड दिवा

नवरात्रातल्या एका दुपारी माझ्या स्कूटरच्या बॅटरीनं आमची पुढची खोली खाल्ली. टीव्ही गेला, दिवाण गेला, लग्नाचा फोटो गेला. फोटोत आमचे मालक झोपेतून उठवून बसवल्यासारखे दिसायचे, त्यामुळे त्याचं फार वाईट वाटलं नाही.

मी शिरूर अनंतपाळला आशा कार्यकर्ती. वाड्या-वस्त्या फिरायच्या म्हणून विजेवरची गाडी घेतली होती. बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावायची. टीव्हीचा सोडला तर धड चालणारा प्लग एकच, देव्हाऱ्याजवळचा. त्या दिवशी बॅटरी लावून एका बाळंतिणीला बघायला गेले, परत आले तर दारात अख्खी गल्ली आणि घरातून धूर.

सासूबाई, धोंडाबाई, बाहेर उभ्या. अंगावर ओरखडा नाही.

"देवीनं हाक मारली," त्या सांगत होत्या. "'धोंडे, भाईर ये' म्हनली. म्या उंबऱ्याभाईर पाय ठेवला अन् माघं धडाम!"

महिनाभर बाया त्यांच्या पाया पडायला येत होत्या. खण-नारळ येत होते. खोबऱ्याची चटणी खाऊन खाऊन आमच्या जिभा आंबल्या. आणि प्रत्येक वेळी गोष्टीचा शेवट एकच, "बटरी सिंधूनं लावली व्हती." म्हणजे वाचवलं देवीनं, पेटवलं सुनेनं. मालक म्हणायचे, "तुला सांगितलं होतं." काय सांगितलं होतं, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. मी वस्तीत जाऊन 'लेकरांना चुलीपासून लांब ठेवा' म्हटलं की बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. ते मात्र लागायचं.

शेवटी लातूरच्या प्रीतम वकिलाकडे गेले. तो म्हणाला, "ताई, भरपाई किती मागायची?"

"ते तुम्ही ठरवा. चूक माझी नाही, एवढं कागदावर लिहून मिळतं का ते बघा."

गाडीच्या कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात केस लागली. तपासणीचा अहवाल आमच्या बाजूनं आला, आग बॅटरीच्या आतून लागली. पण शेवटी एक शेपूट होतं, 'बाहेरून उष्णता लागल्याची शक्यता नाकारता येत नाही.' कंपनीच्या वकिलानं नेमकं ते शेपूट पकडलं.

सुनावणीला सासूबाईही आल्या. देवीची हाक कोर्टाला ऐकवायची होती म्हणे.

कंपनीच्या वकिलानं फाईलमधून एक फोटो बाहेर काढला. घट, अखंड दिवा, आणि वीतभर अंतरावर बॅटरी. फोटो माझाच होता. आगीच्या दिवशी सकाळीच हौसेनं स्टेटसला टाकलेला, आणि माझा नंबर गाडी विकणाऱ्या डीलरकडे!

"माहितीपुस्तिका, पान एकतीस," तो म्हणाला. "ज्योतीजवळ चार्जिंग करू नये."

"पुस्तिका इंग्रजीत आहे," प्रीतम म्हणाला.

"चित्र आहे ना."

चित्र होतं खरं. ज्योतीवर फुली. मला ती मिरची वाटली होती.

"अखंड दिवा नऊ दिवस विझू देत नाहीत," वकील म्हणाला. "म्हणजे आगीच्या वेळी तो जळत होता. चूक सरळसरळ तक्रारदार बाईंची आहे."

मी मान खाली घातली. हेच तर गल्ली वर्षभर म्हणत होती. आता त्यावर शिक्का बसणार होता.

अध्यक्ष मॅडम सासूबाईंकडे वळल्या. "आजी, घरात तुम्हीच होतात. दिवा चालू होता?"

सासूबाई उभ्या राहिल्या. पदर सावरला. आता देवी येणार, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग समोर.

"इझला व्हता."

मॅडमनी पुढं सांगायची खूण केली.

"शिरेल बघता बघता डोळा लागला. उठले तर दिवा थंडगार. काडीपेटी रिकामी. कुनाला कळायच्या आत लावून टाकावा म्हनून शेजारच्या पार्वतीबाईकडं काडीपेटी मागायला गेले. ती हातात पडली तितक्यात धडाम झालं."

"हे आजच कसं आठवलं?" वकील तडकला.

"आठवलं न्हाई बाबा, लपवलं व्हतं. घटाचा दिवा इझला म्हनून कोन डांगोरा पिटल? पार्वतीबाईला इचारा. काडीपेटी परत दिली न्हाई म्हनून आजून टोमने मारती."

मॅडमनी तोंडासमोर फाईल धरली. फाईल हलत होती. मग त्यांनी पार्वतीबाईचं शपथपत्र मागवलं.

बसस्टँडवर सासूबाई बाकावर टेकल्या. मी केळी आणली. त्या सोलत म्हणाल्या, "आता बाया पाया पडायच्या न्हाईत."

"मी पडते की, आत्या."

"गप ए. तुझं पडनं काय, संक्रांतीला आन् दिवाळीला."

"मग देवीची हाक खोटीच म्हणायची?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळी. "काडीपेटी रिकामी कुनी केली मग?"

दोन महिन्यांनी निकाल आला. 'बॅटरी सदोष. तक्रारदाराचा निष्काळजीपणा आढळून येत नाही.' सासूबाईंनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग कागद पदराखाली धरून गल्लीत निघाल्या, दारोदार. दिव्यासकट सगळं सांगून आल्या.

जाताना कोनाड्यातली नवी काडीपेटी घेतली होती. पार्वतीबाईचं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं.