चिमाबाईनं केलेला फोन

नवरा काविळीनं गेल्यावर कंपनीनं चिमाबाईला त्याच्या जागी कँटीनमध्ये कामाला घेतलं, त्याला दोन वर्षं झाली होती. अशा बायकांचा अभ्यास करणारी, पुण्याच्या एका संस्थेतली नीला अठ्ठ्याहत्तर साली दिघीत तिच्या घरी यायला लागली. घर म्हणजे एकच खोली. स्टोव्हपाशी चिमाबाई, उंबऱ्यात सासू सोजरबाई, दाराशी शेजारणी. नीला विचारायची, "आता कसं वाटतं?" चिमाबाई सासूकडं बघायची आणि म्हणायची, "बरं हाय की."

तिसऱ्या खेपेला निघताना नीलानं संस्थेचा फोन नंबर कागदावर लिहून दिला. "घरात जमत नसेल तर फोनवर बोला. आमचे सर म्हणतात, समोर बसल्याशिवाय माणूस कळत नाही. पण मला तुमचं ऐकायचंय."

आठ दिवस कागद नुसताच डब्यात पडून राहिला. मग एका दुपारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर, ती डॉक्टर सुमनताईंच्या दवाखान्यात गेली. सुमनताईंनी नंबर फिरवून दिला आणि दार ओढून घेऊन त्या बाहेर जाऊन बसल्या.

"नीलाताई, तुमी दिसत न्हाई म्हणून बोलते," चिमाबाई म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. नवरा मारायचा. एकदा तर हात मोडला होता. तो गेला तेव्हा घरभर आकांत चालला होता आणि हिला मात्र सुटल्यासारखं वाटत होतं. "सासू लई मायेची हाय माझी. तिच्या तोंडावर हे कसं सांगू?"

पलीकडून नीला एवढंच म्हणाली, "मी ऐकतेय." बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "लिहून घेऊ?"

"लिवा. नाव तेवढं नका घालू."

पुढच्या रविवारी नीला फोन केल्याबद्दल आभार मानायला आली. चहा झाला तशी सोजरबाई उंबऱ्यातून उठून आत आली.

"बाई, दवाखान्यातनं आली त्या दिवशी हिनं पोटभर भाकर खाल्ली. काय बोलली ते मला ठाव न्हाई. पर माझ्या पोटचा कसा होता, ते ठाव हाय. हिला इचारायची हिंमत मला झाली न्हाई. तुमी इचारलंत. लई उपकार झाले."

चिमाबाई थक्क होऊन ऐकत राहिली. आभार मानायचे तरी कुणाचे, नीलाताईंचे, सुमनताईंचे, की या म्हातारीचे? तिनं सासूचा खरबरीत हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"सोड गं," सोजरबाई हसत म्हणाली. "बाईंना जेवायला वाढ आधी."