झाडण्यापुरती जागा

"काका, तीन दिवस बॅकअप बंद आहे आणि मला हे आज कळतंय?" कौमुदी मॅडमनी विचारलं.

दिगंबरने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. लोणावळा-खंडाळ्यातल्या बंगल्यांचं बुकिंग घेणारी ही कंपनी. तिथली सगळी नोंद रोज मशीनवर साठवून ठेवणं हे त्याचं काम. मशीन हुशार. तीच गोष्ट दहादा आली तरी ठेवणार एकदाच. पण स्वतःची झाडलोट करायला त्याला थोडी जागा कायम रिकामी लागते. ती राखीव जागा दिगंबर नऊ वर्षं सांभाळत होता. रिकामी जागा राखायचा पगार घेता, असं अरुंधती, त्याची बायको, त्याला चिडवायची.

"मग जुनं काहीतरी पुसा."

"पुसलं तरी जागा लगेच सुटत नाही, मॅडम. एकदाच ठेवलेल्या एकेका तुकड्यावर दहा नोंदींचा हक्क. निवडून बाजूला ठेवायला जागा लागते, आणि राखीव जागाही भरलीय."

चहा घेऊन आलेल्या शालूबाई म्हणाल्या, "व्हय की. कणगी झाडायची तर आदी दानं वतायला जागा नगं का?"

मॅडमना ते पटकन कळलं. "पण राखीव भरली कशानं?"

दिगंबरने चहाचा कप उगाच सरकवला. "अरुंधतीचे फोन आहेत."

ती इथेच फोनवर बुकिंग घ्यायची. मार्चमध्ये वारली. पुढच्याच महिन्यात फोनची जुनी यंत्रणा मोडीत निघाली, तेव्हा तिच्या अकरा वर्षांच्या फोनचं रेकॉर्डिंग त्याने गुपचूप इकडे आणलं होतं. रोज तेच तर बोलायची, मशीन एकदाच ठेवेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. नवशिकाही हसला असता. माणसाचा आवाज दोनदा सारखा उमटत नाही, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? रोजचं 'नमस्कार' मशीनने वेगळं धरलं. अकरा वर्षांत एकही तुकडा दुसऱ्या कशाशी जुळला नाही.

आणि जे कशाशीच जुळत नाही, तेवढंच पुसल्याबरोबर सुटतं.

"वैनींचा आवाज लय ग्वाड," शालूबाई म्हणाल्या आणि रिकामा ट्रे घेऊन निघून गेल्या.

मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, त्यात ग्राहकांचे नंबर, पत्ते आहेत. तुम्हाला बाहेर नेऊ देता येणार नाही."

"मी मागितलं नाही."

"उद्या पुसू या का?"

"नको. आज शुक्रवार. संध्याकाळी बुकिंगची झुंबड उडेल, आणि काही झालं तर मागे काहीच नसेल."

"एखादा तरी ऐका," त्या म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन बाहेर गेल्या.

दिगंबरने संपूर्ण फोल्डर निवडला. 'कायमचं पुसायचं का?' मशीनने विचारलं. रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. गेले आठ महिने काहीच येत नव्हतं, आणि आता त्याचीच त्याला भीती वाटायला लागली होती. त्याने हेडफोन चढवला आणि हाताला लागला तो फोन सुरू केला.

"नमस्कार," अरुंधती म्हणाली. मग पलीकडच्याचं ऐकून घेतलं. "नाही हो, शनिवारी जागा नाही. थांबा हं जरा, बघते."

मागे वहीची पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. दिगंबर थांबला. मग ती परत बोलायच्या आत त्याने 'हो' दाबलं.